‘द मूनस्टोन’मधली माणसं कशी वाचावीत: पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

शेरलॉक होम्सच्या कथा वाचून संपल्या की पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या वाचकाला कुणीतरी हमखास इंग्रज कादंबरीकार विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ सुचवतं. ही कादंबरी १८६८ची, म्हणजे होम्स पहिल्यांदा छापून येण्याच्या एकोणीस वर्षं आधीची. जवळजवळ दोन लाख शब्द, अकरा निवेदक, आणि सुरुवातीचा भलामोठा भाग सत्तरी ओलांडलेल्या एका कारभाऱ्याच्या तोंडी. त्याच्या गप्पांमध्ये कंटाळून पुस्तक बाजूला ठेवणारे मला बरेच भेटले आहेत. त्यांनी थोडी तयारी करून सुरुवात केली असती तर ही माणसं त्यांना सोडवली नसती, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख. चोर कोण, ते मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या कादंबरीतली चोरी उलगडायला जवळजवळ वर्ष लागतं. ज्यांना काही माहीत आहे ती माणसं आपापल्या कारणांनी तोंड मिटून बसतात, आणि काहींना कुणी नीट विचारतच नाही. त्यामुळे प्रत्येक पात्र वाचताना स्वतःला तीन प्रश्न विचारायचे: याने डोळ्यांनी काय पाहिलं, याला काय दिसणं शक्यच नव्हतं, आणि हा कुणासाठी बोलतोय किंवा कुणासाठी गप्प आहे?

पहिली पायरी: वही, घर आणि तारीख

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर घर मांडा. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर लेडी व्हेरिंडर या विधवा बाईंचं मोठं घर आहे. जवळचं गाव फ्रिझिंगहॉल, पलीकडे मच्छीमारांची वस्ती, आणि त्यांच्यामध्ये किनाऱ्याचा एक पट्टा, जिथली वाळू भरती-ओहोटीच्या वेळी थरथरते आणि पडलेली वस्तू गिळून टाकते. तारीख लिहा: २१ जून १८४८. त्या दिवशी बाईंची एकुलती एक मुलगी रेचल अठरा वर्षांची होते, मामाने मृत्युपत्रातून ठेवलेला मोठा पिवळा हिरा तिच्या हाती येतो, आणि रात्री तो नाहीसा होतो. हिरा ठेवला होता तिच्या खोलीतल्या हिंदुस्थानी बनावटीच्या कपाटात. खोलीच्या दारावर नुकतंच रंगकाम झालं होतं आणि सकाळी त्या रंगावर एक फासल्याची खूण दिसते. ही खूण वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

दुसऱ्या पानावर त्या रात्री घरात असलेल्यांची नावं लिहा, घरच्यांची आणि नोकरांची एकाच यादीत. हे मी मुद्दाम सांगतो. बहुतेक वाचक नोकरांची नावं गाळतात, आणि कादंबरीतले पोलीस सुरुवातीला नेमकी उलटी गफलत करतात, ते नोकरांवरच संशय घेतात.

कॉलिन्स वकिली शिकला होता. १८५१मध्ये त्याला सनदही मिळाली, पण त्याने वकिली केली नाही. या कादंबरीची बांधणी मात्र न्यायालयातल्या जबान्यांसारखी आहे. रेचलचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक सगळ्यांकडून हकिगती लिहून घेतो. अट एकच: ज्याने जे स्वतः अनुभवलं तेवढंच त्याने सांगायचं, आणि त्या वेळी जे ठाऊक होतं त्याच्या पुढे जायचं नाही. त्यामुळे निवेदक खोटं बोलत नसला तरी त्याची हकिगत अपुरी असू शकते.

दुसरी पायरी: श्रीरंगपट्टणची पानं वगळू नका

सुरुवातीची काही पानं १७९९मधली आहेत. ४ मे रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतलं, टिपू मारला गेला आणि शहरात लूट झाली. त्या लुटीत जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी हिऱ्याचे राखणदार असलेल्या तीन ब्राह्मणांना मारून हिरा बळकावतो. हे सांगणारा त्याचा चुलतभाऊ आहे, आणि त्याच्याकडेही पुरता पुरावा नाही. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात रक्त ठिबकणारा खंजीर, एवढंच त्याने पाहिलेलं. ‘पाहिलेलं’ आणि ‘मानलेलं’ यांतलं अंतर कॉलिन्स पहिल्याच प्रकरणात दाखवून देतो.

मराठी वाचकाला हा प्रसंग परका नाही. १७९२च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात इंग्रज आणि निजाम यांच्या बरोबरीने हरिपंत फडके या मराठा सरदाराच्या फौजा होत्या. १७९९च्या लढाईत मराठे प्रत्यक्ष उतरले नाहीत.

हर्नकॅसलबद्दल एकच प्रश्न वहीत लिहा. बहिणीने, म्हणजे लेडी व्हेरिंडरने, रेचलच्या आधीच्या एका वाढदिवसाला त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. मग त्याच बहिणीच्या मुलीला त्याने हिरा दिला तो क्षमा म्हणून की सूड म्हणून? कादंबरीतली माणसं यावर वाद घालतात. तुम्हीही घाला.

तिसरी पायरी: बेटरेजला त्याच्या चालीने चालू द्या

गॅब्रिएल बेटरेज हा घरचा कारभारी. त्याचं आवडतं पुस्तक ‘रॉबिन्सन क्रूसो’. वाचून वाचून त्याने सहा प्रती झिजवल्या आहेत, सातवी मालकीणबाईंनी भेट दिली आहे. अडचण आली की तो ते पुस्तक उघडतो आणि समोर येईल त्या ओळीत सल्ला शोधतो. आपल्याकडे पोथी उघडून कौल लावणारी माणसं असायची, त्यांच्या जातकुळीतला हा माणूस. गोष्ट सांगायला बसतो, भलतीकडेच जातो, पुन्हा सुरुवात करतो. तारखा मुलगी पेनेलोपीच्या रोजनिशीतून घेतो.

त्याच्या गप्पा भरभर उलटून टाकण्याचा मोह होईल. तो आवरा. बेटरेज या घरावर जीव लावून आहे, म्हणून घरच्यांच्या बाबतीत त्याची नजर मऊ होते आणि गुप्तहेराने घरच्यांवर संशय घेतला की तो भडकतो. त्याच वेळी ‘शोध लावण्याचा ताप’ त्यालाही चढतो आणि तो त्याच गुप्तहेराच्या मागे धावतो. निष्ठा आणि कुतूहल यांची ही ओढाताण हा त्याच्या भागाचा गाभा आहे. बायकांबद्दलची त्याची मतं आज खटकतील. आठवड्याला पगार देऊन घर सांभाळायला ठेवलेल्या बाईशी त्याने लग्न केलं, कारण ते स्वस्त पडलं, असं तो सरळ सांगतो. पण दुःखी माणसाशेजारी जाऊन बसण्याची माया त्याच्या अंगात आहे, आणि ती पुढच्या पात्रासाठी फार महत्त्वाची आहे.

चौथी पायरी: रोझॅना स्पीअरमनसाठी थांबा

या कादंबरीत एकाच व्यक्तीवर मन लावायचं असेल तर ती रोझॅना असावी, असं माझं मत आहे. ती घरातली दुसऱ्या फळीतली मोलकरीण. पूर्वी चोरीपायी शिक्षा झालेली, सुधारगृहातून लेडी व्हेरिंडरने कामावर आणलेली. दिसायला साधी, एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा. कुणाशी फारशी बोलत नाही आणि मोकळ्या वेळात त्या थरथरत्या वाळूपाशी जाऊन बसते.

तिथला एक प्रसंग सावकाश वाचा. बेटरेज तिला जेवायला बोलवायला जातो. त्याच्या कोटावरचा तेलकट डाग तिनेच काढून दिलेला असतो. ती ती जागा दाखवून म्हणते की डाग गेला, पण जागा दिसते. स्वतःच्या आयुष्याबद्दल ती एवढंच बोलते. पुढे सगळी कादंबरी एका डागाभोवती फिरते हे कळल्यावर हा प्रसंग पुन्हा वाचावासा वाटेल.

रोझॅना फ्रँकलिन ब्लेकवर प्रेम करते आणि त्याला ते दिसतही नाही. तो दुष्ट मुळीच नाही. मोलकरणीकडे माणूस म्हणून नजर टाकायची त्याला सवयच नाही. तिचं म्हणणं आपल्यापर्यंत फार उशिरा, तिच्याच शब्दांत पोहोचतं. ते पत्र लांब आहे. एका बैठकीत वाचा आणि त्यातली एकही ओळ सोडू नका.

तिची मैत्रीण लूसी ही मच्छीमाराची मुलगी, पायाने अधू. तिच्या वाट्याला मोजकीच पानं आली आहेत. दोघींनी लंडनला जाऊन शिवणकामावर बहिणींसारखं राहायचं, असा तिचा बेत होता. ब्लेकविषयीच्या संतापात ती बेटरेजला ऐकवते की गरीब श्रीमंतांवर उठण्याचा दिवस लांब नाही. कथेचं साल १८४८ आहे हे इथे आठवा. त्या वर्षी युरोपभर उठाव झाले, आणि एप्रिलमध्ये लंडनच्या केनिंग्टन मैदानावर मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांची मोठी सभा भरली होती. लूसीच्या तोंडचं वाक्य हवेतून आलेलं नाही.

पाचवी पायरी: रेचलचं मौन ऐका

रेचलला स्वतःचा भाग नाही. हिरा तिचा, खोली तिची, पण ती निवेदक नाही. चोरीनंतर ती पोलिसांशी बोलायला नकार देते, कपाटं तपासू देत नाही, ब्लेकशी तुसडेपणाने वागते, आईलाही काही सांगत नाही. तिच्याबद्दल आपल्याला सगळं इतरांकडून कळतं आणि प्रत्येक जण तिच्या गप्प बसण्याचा आपापला अर्थ लावतो.

वहीत तिच्यासाठी वेगळं पान ठेवा. ती प्रत्यक्षात काय बोलली तेवढंच लिहा, इतरांनी काढलेले निष्कर्ष नकोत. बेटरेज सांगतो की लहानपणीही ती खोटं बोलली नाही, आणि दुसऱ्याचं नाव सांगून सुटलीही नाही. ही ओळ त्या पानाच्या माथ्यावर असू द्या.

सहावी पायरी: सार्जंट कफ

आधी सुपरिंटेंडंट सीग्रेव्ह येतो. रुबाबदार आणि मोठ्या आवाजाचा हा स्थानिक अधिकारी नोकरांवर डाफरतो, त्यांच्या खोल्या तपासतो आणि सगळ्यांना दुखावतो. दारावरची रंगाची खूण त्याला दाखवली, तर बायकांच्या परकरामुळे झालं असेल म्हणून तो मोकळा होतो. मग लंडनहून कफ येतो: वाळका, पिकल्या केसांचा, कुऱ्हाडीसारख्या धारदार चेहऱ्याचा. आल्या आल्या तो बागेत गुलाबांची चौकशी करतो आणि माळ्याशी कलमांवरून वाद घालतो.

त्याच खुणेपाशी कफ काय करतो ते पाहा. रंग लावून कधी झाला, तो वाळायला किती तास लागतात, शेवटचा धड असलेला कधी पाहिला, असे साधे प्रश्न विचारत तो खुणेची वेळ मध्यरात्र ते पहाटे तीन यांच्यात आणून ठेवतो. किरकोळ अशी गोष्ट मला अजून भेटलेली नाही, असं तो सीग्रेव्हला सुनावतो. नंतर आलेल्या कित्येक गुप्तहेरांच्या पद्धतीचं मूळ या एका प्रसंगात सापडतं.

कफमागे एक खरा माणूस आहे. स्कॉटलंड यार्डची गुप्तहेर शाखा १८४२मध्ये निघाली. तिच्यातला जॅक विचर १८६०मध्ये विल्टशरमधल्या रोड या गावी गेला, तिथल्या एका सुखवस्तू घरात लहान मुलाचा खून झाला होता. हरवलेल्या रात्रीच्या झग्यावरून त्याने घरातल्याच सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्स केंटवर आरोप ठेवला. खटला उभा राहिला नाही. एका साध्या पोलिसाने प्रतिष्ठित घरातल्या मुलीवर बोट ठेवलं म्हणून विचरवर टीकेची झोड उठली. १८६५मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःच कबुली दिली. कॉलिन्सने त्या प्रकरणातले झगा, धोब्याच्या कपड्यांची नोंदवही, निष्प्रभ स्थानिक अधिकारी आणि घरातल्या मुलीवरचा संशय असे धागे उचलले. लेडी व्हेरिंडर आणि कफ समोरासमोर येतात ती पानं हे लक्षात ठेवून वाचली, तर कफच्या अदबीमागची धास्ती जाणवते.

कफचं निरीक्षण पक्कं आहे. त्यावरून तो काढत असलेला प्रत्येक अर्थ बरोबर असेलच, असं मात्र गृहीत धरू नका.

सातवी पायरी: क्लॅकबाई, आणि तिच्या आसपासचे

दुसऱ्या भागात कथा लंडनला जाते आणि लेखणी ड्रुसिला क्लॅकच्या हाती येते. व्हेरिंडर घराण्याची ही गरीब नातेवाईक कडवी धर्मप्रसारक आहे. पापाचा धाक घालणाऱ्या पुस्तिका ती दुसऱ्यांच्या घरात उशांखाली, फुलांच्या कुंड्यांत, पिंजऱ्यापाशी लपवून ठेवते. पडद्याआड उभी राहून दुसऱ्यांचं खासगी बोलणं ऐकते आणि ते कर्तव्य असल्याचं स्वतःला पटवते. हे वाचताना हसू येतं. पण तिची हकिगत ब्लेकने पैसे देऊन लिहून घेतली आहे, ती स्वस्ताई म्हणून फ्रान्समधल्या एका लहान गावात राहते आहे, आणि श्रीमंत नातलगांच्या घरी तिला नेहमी कोपऱ्यातच जागा मिळाली आहे, हेही ध्यानात असू द्या. तिने लावलेले अर्थ बाजूला सारा, तिने पाहिलेले प्रसंग मात्र जपून ठेवा. कारण तिची नजर तीक्ष्ण आहे.

तिचं दैवत म्हणजे गॉडफ्रे एबलव्हाइट. देखणा, गोडबोल्या, बायकांच्या धर्मादाय संस्थांचा लाडका कार्यकर्ता आणि रेचलचा दुसरा मावसभाऊ. फ्रँकलिनप्रमाणे त्यालाही रेचलशी लग्न करायचं आहे. दोघांना शेजारी ठेवून वाचा. फ्रँकलिन जर्मनी, फ्रान्स, इटलीत शिकलेला, म्हणून बेटरेज त्याच्या स्वभावाच्या जर्मन, फ्रेंच, इटालियन बाजू मोजत बसतो. वकील मॅथ्यू ब्रफ कोरडा आणि भरवशाचा. त्याचा भाग लहान आहे, पण क्लॅकबाईनंतर खोलीत उजेड आल्यासारखं वाटतं. सावकार लूकर आणि ब्रफच्या कचेरीतला मोठ्या डोळ्यांचा पोरगा गूजबेरी यांची फक्त नावं लिहून ठेवा. ते पुढे लागतील.

आठवी पायरी: एझ्रा जेनिंग्ज

वाढदिवसाच्या जेवणानंतर पावसात भिजून डॉक्टर कँडी तापाने आजारी पडतात आणि त्यांची स्मृती जाते. त्यांचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज. चाळिशीही न गाठलेला हा माणूस म्हातारा दिसतो, केस अर्धे काळे अर्धे पांढरे. जन्म वसाहतीतला, आई कुठल्या परक्या वंशाची होती ते तो स्पष्ट सांगत नाही. त्याच्यावर कसला तरी खोटा आळ आहे, गावात कुणी त्याला जवळ करत नाही, आणि असह्य दुखण्यासाठी तो अफू घेतो. ज्याच्यावर कुणाचा विश्वास नाही असा हा माणूस कोडं सोडवण्याची वाट दाखवतो.

त्याच्या रोजनिशीतल्या वेदना उसन्या वाटत नाहीत, याला कारण आहे. ही कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकात ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात बत्तीस हप्त्यांत येत होती. त्याच दिवसांत कॉलिन्सची आई वारली आणि तो स्वतः संधिवाताने अंथरुणाला खिळला होता. काही भाग त्याने पडल्या पडल्या तोंडी सांगून लिहवून घेतला. दुखणं थोपवायला तो लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क, घेत असे.

नववी पायरी: तीन ब्राह्मण

१७९९मध्ये मारल्या गेलेल्या राखणदारांच्या जागी आलेले, हिऱ्याच्या मागावर इंग्लंडला पोहोचलेले हे दुसरे तिघे. त्यांना नावं नाहीत. घरी जादूगारांच्या वेषात येतात आणि लगेच संशयित ठरतात. हिंदुस्थानात फिरलेला प्रवासी मर्थवेट त्यांना ओळखतो. हे उच्चवर्णीय आहेत, समुद्र ओलांडून आणि जादूगारांचा वेष घेऊन त्यांनी आपली जात गमावली आहे, असं तो सांगतो. समुद्रोल्लंघनाचं प्रायश्चित्त ज्या समाजात गाजलं, त्या समाजातल्या वाचकाला या त्यागाचं वजन वेगळं सांगायला नको.

त्यांच्याकडे वाचताना दोन चाळण्या लावा. पहिली, कॉलिन्स हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याचा सोमनाथ हा चार हातांचा चंद्रदेव आहे आणि कपाळावर हिरा मिरवतो. आपल्याला माहीत असलेलं सोमनाथ म्हणजे शंकराचं ज्योतिर्लिंग. इंग्रज वाचकांना हे नाव ओळखीचं होतं, कारण १८४२मध्ये गव्हर्नर जनरल एलेनबरोने गझनीहून ‘सोमनाथचे दरवाजे’ परत आणल्याचा मोठा गाजावाजा केला होता. ते दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. शिवाय १८५०मध्ये कोहिनूर व्हिक्टोरिया राणीच्या हाती गेला, त्याचा उल्लेख कॉलिन्सने स्वतःच प्रस्तावनेत केला आहे.

दुसरी चाळणी काळाची. १८५७ला जेमतेम अकरा वर्षं झाली होती आणि हिंदी माणसाला क्रूर रंगवणारं लिखाण इंग्लंडमध्ये उदंड होतं. त्या वातावरणात पहिला खून इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून दाखवणं आणि हिरा मुळात कुणाचा हा प्रश्न उघडा ठेवणं, याला धैर्य लागतं. हे तिघे मागे हटत नाहीत, आणि स्वतःसाठी काही मागतही नाहीत. त्यांच्या हातून काय काय घडतं ते वाचून तुम्ही निवाडा करा.

शेवटची पानं मर्थवेटच्या पत्रातून काठेवाडात जातात, साल १८५०. त्या वेळी प्रत्यक्ष सोमनाथला पडक्या देवळाजवळ अहिल्याबाई होळकरांनी १७८३मध्ये बांधलेलं मंदिर होतं आणि तिथे पूजा चालू होती. कॉलिन्सच्या पानांत त्याची खूण नाही. मी ती पानं वाचताना ते देऊळ मनात उभं करतो.

वाचण्याचं वेळापत्रक

संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. इथे पुरावा तपशिलांत आहे आणि कापाकापीत आधी तपशीलच जातात. मूळ इंग्रजी पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. मूळ वाचकांनी बत्तीस आठवडे घेतले. तुम्ही महिना-दोन महिने घ्या, पण बेटरेजचा भाग संपल्यावर दोन दिवस थांबा आणि चोर कोण ते वहीत लिहून तारीख घाला. ब्रफचा भाग संपल्यावर पुन्हा लिहा. पात्रांच्या छोट्या सवयींची नोंद ठेवा: कुणाला झोप लागत नाही, कुणी काय सोडलं, जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशी कशावरून भांडलं.

दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा सगळं पुस्तक वाचण्याची गरज नाही. २२ जूनच्या सकाळपासून रेचल ज्या ज्या पानावर आहे तेवढी पानं काढा आणि तिला काय माहीत होतं ते मनात धरून तिचं प्रत्येक वाक्य वाचा. नंतर रोझॅनाचं पत्र.